सांगितलेले तीन दोष आणि कापलेला कागद

जुनी मोटारसायकल विकणारा माणूस दोष लपवणार, हे आपण सगळेच धरून चालतो आणि त्याच तयारीने गाडी बघायला जातो. मला फसवणाऱ्या माणसाने मात्र तीन दोष स्वतःहून सांगितले, त्यांच्यापोटी किंमतही कमी करून दिली, आणि त्या तिन्हींचा हिशेब मांडण्यात मी इतका गुंतलो की त्यांच्या आड असलेला चौथा दोष शोधावा असे मला वाटलेच नाही. माझ्याएवढाच पगार असलेल्या माणसांना, ज्यांना गाडी रोज लागते आणि नवी घेणे परवडत नाही, हा अनुभव उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी वाई तालुक्यात भुईंजला राहतो आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो. जाऊन-येऊन रोजचे सुमारे ७० किलोमीटर होतात. २०२३ च्या दिवाळीनंतर मी २०१६ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली एक गाडी पुण्यात जाऊन बघितली. मागणी ४६,००० रुपयांची होती. विकणारा नोकरदार होता, बोलायला मृदू होता आणि गाडीचे आरसी बुक, विमा, पीयूसी सगळे त्याच्याच नावावर व चालू मुदतीतले होते. गाडीवर कर्जाचा बोजा नव्हता, आणि दंडाची एकही पावती थकलेली नाही हे मी निघण्यापूर्वीच ऑनलाइन तपासले होते. कागद चोख असले की माणूसही चोख असणार असे आपण नकळत समजतो, तसेच मीही समजलो.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “साहेब, मी लपवून विकत नाही. टायमिंग चेनचा आवाज आहे, कोनसेट गेलाय आणि पुढच्या शॉकअपमधून ऑइल येतंय. गॅरेजवाल्याचं कोटेशनच दाखवतो तुम्हाला.” टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी फिरणारी साखळी, आणि कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. वर एका गॅरेजचे नाव आणि फोन नंबर छापलेला होता, खाली निळ्या शाईत तीन ओळी होत्या: टायमिंग चेन किट मजुरीसह १,६००, कोनसेट ८००, शॉकअपचे ऑइल सील व ऑइल ७००. तिसऱ्या ओळीखाली बोटभर जागा होती आणि तिथेच कागद संपत होता. ती खालची कड इतर तीन कडांपेक्षा वेगळी, पट्टी ठेवून फाडल्यासारखी सरळ आणि किंचित तुसदार होती. ती मी पाहिली होती. पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्या क्षणी लावला नाही, याची हळहळ मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

बेरीज ३,१०० झाली. मी ३,५०० कमी करायला सांगितले, त्याने ४,००० कमी केले. व्यवहार ४२,००० ला ठरला. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि “गाडी जशी आहे तशी, पाहून व चालवून घेतली” असे लिहिलेल्या कागदावरही मी सही केली. हे सगळे एका तासाच्या आत उरकले.

त्या तासात दोन गोष्टी मला थांबवू शकल्या असत्या. पहिली म्हणजे, मी पोहोचलो तेव्हा इंजिन हाताला गरम लागत होते. “आत्ताच पेट्रोल भरून आणली,” असे त्याने सांगितले आणि मी ते मान्य केले. जुन्या इंजिनाचे खरे बोलणे त्याच्या सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऐकू येते. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरलेले असते, आणि झिजलेला भाग पहिल्या काही सेकंदांत आवाज करून मोकळा होतो. दुसरी म्हणजे, “परवाच ऑइल बदललंय” हे वाक्य. विकायला काढलेल्या गाडीत, तेही शॉकअप गळत असताना ते तसेच ठेवून, कोणी नवे ऑइल कशाला भरेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी गाडी रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर चालवली. वरच्या बाजूने खळखळ येत होती, ती टायमिंग चेनची असे मला आधीच सांगितलेले होते, त्यामुळे कानाला जे जे ऐकू आले ते सगळे मी टायमिंग चेनच्या खात्यावर टाकले.

अकराव्या दिवशी सुट्टी झाल्यावर शिरवळहून परत येताना खंबाटकी घाट चढायला लागलो. तेव्हा साताऱ्याकडे येणाऱ्या बाजूला बोगदा नव्हता, जुना चढ पूर्ण चढावा लागायचा. अर्ध्या घाटात, तिसऱ्या गिअरवर अॅक्सिलरेटर उघडला की पायाखालून ठक, ठक, ठक असा जाड ठोका येऊ लागला. अॅक्सिलरेटर सोडला की तो दबायचा, उघडला की परत यायचा. टायमिंग चेनची खळखळ इंजिनाच्या वरच्या अंगाला आणि सैल वाजते, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची टिकटिक बारीक आणि नियमित असते. हा आवाज मात्र कोणीतरी आतून हातोडीने मारावे तसा, तळातून येत होता. मी गाडी बंद केली, मालवाहू टेम्पोला विनंती करून भुईंजपर्यंत आणली.

आमच्या गावचे मिस्त्री तीसेक वर्षे हेच काम करतात. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाच्या खालच्या भागाला लावले, जेमतेम अर्धा मिनिट ऐकले आणि गाडी बंद करायला सांगितली. मग परातीत ऑइल उतरवले. ते ऑइल धारेने पडले नाही, काकवीसारखे सावकाश उतरले. शिफारस केलेल्यापेक्षा कितीतरी दाट ऑइल आणि त्यात आवाज दाबणारे औषध मिसळले होते, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. त्यांनी जुन्या स्पीकरचे चुंबक कापडात गुंडाळून परातीतून फिरवले आणि कापड उजेडात धरले. त्यावर बारीक चमकदार कण केसांसारखे उभे राहिले होते. “भाऊ, अॅल्युमिनियम असतं तर चुंबकाला चिकटलं नसतं. हे पोलाद आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खाल्लंय. हे काय अकरा दिवसांत होत नाही,” असे ते म्हणाले. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा. इंजिन फार तापलेले नसताना आणि सपाट रस्त्यावर दाट ऑइल त्याच्या झिजलेल्या बेअरिंगचा ठोका काही काळ दाबून धरते. घाटात इंजिन बराच वेळ तापले, ऑइल पातळ झाले आणि जे होते ते ऐकू आले.

त्या कोटेशनचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यावरच्या नंबरवर फोन करून मी पुढच्या रविवारी पुण्यात त्या गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने काहीही आढेवेढे न घेता आपले कोटेशन बुक काढले आणि कार्बनची प्रत दाखवली. तारीख तीच होती, गाडीचा नंबर तोच होता, पहिल्या तीन ओळी त्याच होत्या. त्याखाली चौथी ओळ होती, कनेक्टिंग रॉड किट व क्रँक प्रेसिंग, आणि पाचवी होती, रिबोअर, पिस्टन व रिंगा, म्हणजे अख्खे इंजिन उघडण्याचे काम. शेवटी एकूण खर्चाचा आकडा होता. विकणाऱ्याने दाखवलेला कागद खोटा नव्हता, फक्त तो तिसऱ्या ओळीखाली कापलेला होता.

इंजिनाच्या कामाला १४,२०० रुपये लागले, सांगितलेले तीन दोष दुरुस्त करायला ३,१०० लागले. म्हणजे गाडी मला ५९,३०० ला पडली. शिवाय नऊ दिवस एसटीने आणि वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांनी जावे लागले, दोन दिवस बिनपगारी झाले. कार्बन प्रतीचा फोटो पाठवल्यावर विकणाऱ्याने एकदाच उत्तर दिले, “तुम्ही बघून घेतली होती,” आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. ओळखीच्या वकिलांना विचारले. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे फसवणूकच ठरते, आणि तशा फसवणुकीने झालेला करार रद्द ठरवून मागता येतो, असे त्यांनी सांगितले. पण विकणारा व्यापारी नसून खासगी माणूस असल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाण्यात अर्थ नाही, दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागेल, आणि “पाहून व चालवून घेतली” या माझ्या सहीचा आधार समोरचा घेईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. सतरा हजारांसाठी पुण्याच्या न्यायालयात तारखा करणे मला झेपणारे नव्हते. मी नोटीस पाठवली, तिला उत्तर आले नाही.

या प्रकरणानंतर माहीत असलेल्या दोषाकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. चेनसेट, टायर, ब्रेक शू, कोनसेट, शॉकअपचे सील हे दोष डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा खर्च दुकानात विचारून पक्का करता येतो. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले की पूर्ण चेनसेटचे पैसे धरायचे आणि पुढे जायचे. अशा दोषांनी भरलेली गाडीसुद्धा योग्य किमतीत चांगली ठरते, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. आवाज, धूर आणि “थोडं ऑइल खाते” हे वेगळ्या जातीचे दोष आहेत, कारण इंजिन उघडल्याशिवाय त्यांची खोली कळत नाही. निळा धूर दोन-तीन हजारांत बदलणाऱ्या व्हॉल्व्ह सीलचाही असू शकतो आणि गेलेल्या रिंगांचाही. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताना किंवा उतारावरून आल्यावर अॅक्सिलरेटर उघडताना भपकारा आला तर संशय सीलवर जातो, ओढताना सतत निळा धूर राहिला तर रिंगांवर. पण संशय म्हणजे निदान नव्हे, आणि किंमत ठरवताना आपण विकणाऱ्याच्या निदानावर विसंबून राहतो तिथेच घात होतो. अशा दोषाचा खर्च त्याच्या सर्वांत वाईट शक्यतेइतका धरावा. आवाज टायमिंग चेनचाच आहे याची विकणाऱ्याला खात्री असेल, तर त्याने आपल्या मिस्त्रीसमोर ती बदलून द्यावी, त्याचे पैसे आपण किमतीत खुशाल मिळवून द्यावेत, आणि त्यानंतर आवाज थांबला तरच गाडी घ्यावी.

चेसिसवर वेल्डिंगचा डाग, नंबराजवळ ताजा रंग किंवा सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढणे दिसले, तर हिशेब मांडत बसूच नये. ते पैशाने निस्तरणारे दुखणे नाही.

आणि ऑइल उतरवून बघावे. एवढी एक गोष्ट मी केली असती तर वाचलो असतो. लिटरभर नव्या ऑइलला चारएकशे रुपये लागतात, ते आपण द्यायची तयारी ठेवावी आणि मिस्त्रीला चुंबक घेऊन सोबत न्यावे. कोटेशन दाखवले तर त्यावरच्या नंबरला तिथेच उभे राहून फोन करावा.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलासोबत, मिस्त्रींना घेऊन मी कराडला एक गाडी बघायला गेलो होतो. आम्ही न सांगता सकाळी सातला पोहोचलो, इंजिन गार होते. विकणाऱ्याने मोकळेपणाने सांगितले की गाडी थोडी आवाज करते, टायमिंग चेन बदलावी लागेल, त्याचे दोन हजार तो कमी करेल. मिस्त्रींनी ऑइल उतरवण्याची परवानगी मागितली आणि नव्या ऑइलची सीलबंद बाटली पिशवीतून काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने बाटलीकडे बघितले, मग घरात जाऊन मुलाने आगाऊ पाठवलेले इसाराचे ५०० रुपये आणून आमच्या हातात परत दिले.