धरमपेठेतील सजगता वर्ग: व्यसन सुटल्यानंतरच्या काळासाठी

नागपुरातील धरमपेठेतील एक खाजगी समुपदेशन केंद्र व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठी सजगता (माइंडफुलनेस) आणि ध्यानाचा आठ आठवड्यांचा वर्ग चालवते. हा वर्ग व्यसन सोडवण्यासाठी नाही. ज्यांचे व्यसन उपचार घेऊन सुटले आहे आणि ते सुटलेलेच राहावे अशी ज्यांची धडपड आहे, त्यांच्यासाठी तो आहे. केंद्राच्या पत्रकात मात्र हा फरक नीट सांगितलेला नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक गृहस्थ हात थरथरत असलेल्या अवस्थेत मुलाचा आधार घेऊन आले. आदल्या रात्रीपासून त्यांनी दारू बंद केली होती. मार्गदर्शिका मॅडमनी त्यांना वर्गात बसू दिले नाही. मुलाशी बोलून त्या दोघांना थेट मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मनोविकार विभागात पाठवले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली तर फिट येणे, भ्रम होणे, क्वचित जीवावर बेतणे इथपर्यंत मजल जाऊ शकते आणि त्यावर श्वासाकडे लक्ष देणे हा इलाज नव्हे. पत्रक कोणी लिहिले ते ठाऊक नाही, पण वर्ग चालवणाऱ्या व्यक्तीला आपल्या कामाची मर्यादा कळते, याची खात्री मला तिथेच पटली.

मी स्वतः व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेतले आहेत, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा परस्पर-मदत गट) सभांना जातो आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही चालू आहेत. या सगळ्याच्या जोडीला मी हा वर्ग केला, त्याऐवजी नव्हे. पुढचे मत वाचताना हे ध्यानात असावे.

वर्गाचा आराखडा केंद्राचा स्वतःचा नाही. अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट, सारा बोवेन आणि नेहा चावला यांनी तो बांधला. मार्लाट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्येच असे मांडले होते की पुन्हा व्यसनाकडे वळणे हा एका क्षणाचा अपघात नसतो. प्रसंग, मनःस्थिती, विचार आणि कृती अशी साखळी त्यामागे असते आणि ती अधेमधे तोडता येते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये ताणग्रस्त रुग्णांसाठी चालवलेल्या सजगतेच्या वर्गाची पद्धत या मांडणीला जोडली गेली आणि आजचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातून एक बैठक, ती दोन तासांची, आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास. आमच्या गटात दारूवाले बहुसंख्य होते, दोघे जण खर्रा (तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण) सोडलेले होते आणि एक तरुण मुलगा एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या विळख्यातून बाहेर पडलेला होता.

पहिली बैठक सवयीने, नकळत होणाऱ्या कृतींविषयी असते. मूळ अभ्यासक्रमात यासाठी मनुका देतात. आमच्या मॅडमनी संत्री आणली होती, आणि दारू सुटलेल्यांच्या तळहातावर द्राक्षाचाच पदार्थ ठेवण्यापेक्षा ते बरेच झाले, असे माझ्या मनात येऊन गेले. संत्रे सोलताना सालीतून उडालेला बारीक तुषार अंगठ्याला झोंबतो, फोडीवरचे पांढरे धागे ओढताना कुठे सहज सुटतात आणि कुठे अडतात, दातांनी पापुद्रा फुटण्याआधीच तोंडात पाणी येऊन उभे राहते, हे सगळे इतके सावकाश पाहायला लावले की एका फोडीला पाच-सात मिनिटे लागली असावीत. जन्मापासून संत्री खात आलेल्या नागपूरकरांना हा प्रकार सुरुवातीला पोरकट वाटला. मग खर्रा सोडलेल्या एका काकांनी सांगितले, आणि ते इथे मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे: “मॅडम, खर्रा तोंडात गेल्यावरच मले समजे का आपण खर्रा घेतला म्हून.” पानठेल्यावर कधी थांबलो, घोटायला कधी सांगितले, पन्नी कधी उघडली, यातले काहीही त्यांना आठवत नसे. पुढच्या सात आठवड्यांचे प्रयोजन त्या एका वाक्यात आले होते.

वर्गाचा खरा कस लागतो तो तल्लफेशी संबंधित बैठकीत. उपचार केंद्रात आम्हाला शिकवले जाते ते मुख्यतः टाळणे: ती माणसे टाळा, त्या जागा टाळा, पगाराच्या दिवशी पैसे जवळ ठेवू नका. ते योग्यच आहे; पण नोकरी करणाऱ्या, लग्नकार्याला जाणाऱ्या माणसाला सगळेच टाळता येत नाही. इथे उलट, हमखास प्यावेसे वाटते असा एखादा प्रसंग डोळे मिटून आठवायला सांगतात, मात्र प्याला हातात येण्याच्या अलीकडे थांबवतात. मी कार्यालयातील निरोप समारंभ निवडला होता, सावजी मटणाचा बेत असलेला. दोन-तीन मिनिटांतच जिभेच्या मुळाशी पाणी सुटले, जबडा आवळला गेला, उजव्या हाताची बोटे अर्धवट वळली आणि छातीच्या मध्यभागी एक पोकळी जाणवू लागली. मॅडम मधूनमधून एवढेच विचारत होत्या की आत्ता ती वाढते आहे, कमी होते आहे की तशीच आहे. तल्लफ लाटेसारखी चढते, शिखर गाठते आणि ओसरते. तिला दाबायचेही नाही आणि तिच्या हवाली व्हायचेही नाही, ती ओसरेपर्यंत श्वासाच्या आधाराने तिच्यावर तरून राहायचे, ही मार्लाट यांची कल्पना. समुद्र फक्त चित्रपटात पाहिलेल्या आमच्या गटातील काहींना ती पचायला थोडा वेळ लागला. पण माझी पोकळी खरोखरच चढली, थांबली आणि उतरली. त्यानंतर मॅडमनी विचारले की त्या तल्लफेच्या तळाशी काय होते. दारूची चव नव्हतीच तिथे. सगळ्यांच्या हातात पेला असताना आपले रिकामे हात कोणाच्या तरी डोळ्यांवर येतील, ही धास्ती होती. इतकी वर्षे तिला मी तहान समजत आलो होतो.

रोजच्या वापरासाठी तीन-चार मिनिटांचा एक सराव शिकवतात. आधी जिथे असाल तिथे थांबायचे. शरीरात, मनात काय चालले आहे ते पाहायचे. लक्ष श्वासावर आणायचे. मग ते पुन्हा सगळ्या शरीरापर्यंत आणि भोवतालापर्यंत पसरवायचे. आणि त्यानंतरच काय करायचे ते ठरवायचे. वाचताना यात काही विशेष वाटत नाही. वेस्ट हायकोर्ट रोडने संध्याकाळी घरी परतताना, दारूच्या दुकानाची पाटी लांबूनच दिसू लागलेली असताना, गाडी बाजूला घेऊन तो करून पाहिला की त्याचे मोल कळते. दर वेळी तल्लफ जातेच असे नाही. पण पाटी दिसणे आणि पाय वळणे यांच्यामध्ये पूर्वी जी फटच नव्हती ती दिसू लागते, आणि त्या फटीत बायकोला किंवा ए.ए.मधील प्रायोजकाला (आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला) फोन करण्याइतकी जागा असते.

पाऊल घसरल्यास काय, या प्रश्नावर वर्गात मोकळेपणाने बोलले जाते, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. बऱ्याच ठिकाणी हा विषय काढणेच अपशकुन मानतात. एकदा घोट घेतला की मनात येते, “आता तोंडाला लागलीच आहे, तर होऊन जाऊ दे,” आणि एका पेगाची बाटली होते ती या अपराधी हताशेमुळे. मार्लाट यांनी याच मनःस्थितीचा खोल विचार केला होता. सहाव्या बैठकीत विचारांकडे केवळ विचार म्हणून पाहण्याचा जो सराव करून घेतात, त्याचा उपयोग नेमका इथे होतो: “मी वाया गेलेलो आहे” हे डोक्यात उमटलेले एक वाक्य आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. यात ढिलाईला मुभा आहे, असा आक्षेप आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्याने घेतला. मला तो पटला नाही, कारण घसरल्यावर त्याच दिवशी कोणाला सांगायचे आणि कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, हे प्रत्येकाकडून आधीच लिहून घेतले जाते.

पत्रकात ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. ते जरा सांभाळून वाचावे. ‘जामा सायकियाट्री’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्या २८६ जणांचे तीन गट केले होते: सजगतेचा, नेहमीच्या समुपदेशनाधारित रिलॅप्स (पुन्हा व्यसनाकडे वळणे) प्रतिबंधाचा आणि प्रचलित पाठपुराव्याचा. सहा महिन्यांपर्यंत पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सरस राहिले; पहिल्यांदा अमली पदार्थ घेण्याची वेळ लांबवण्यात तर दुसरा गट पुढे होता. वर्षाअखेरीस मात्र सजगतेच्या गटात नशा केलेले दिवस आणि अतिमद्यपान इतर दोन्ही गटांपेक्षा कमी आढळले. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांत हा फरक इतका ठळक राहिला नाही. म्हणजे पद्धत आशादायक आहे, पण पत्रकातील ठळक अक्षरे तिला शोभत नाहीत.

माहुरझरीचे विपश्यना केंद्र इतके जवळ असताना, आणि तिथले दहा दिवसांचे शिबिर केवळ ऐच्छिक दानावर चालत असताना, इथे पैसे का भरायचे, हा नागपुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. नाते तर आहेच: मार्लाट आणि सहकाऱ्यांनी सिएटलच्या एका तुरुंगातील विपश्यना शिबिरांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला होता, आणि त्या अनुभवाचा पुढील आराखड्यात वाटा आहे. पण दहा दिवस मौनात, जगापासून दूर बसणे हे नुकत्याच सावरलेल्या प्रत्येकाला झेपत नाही, आणि शिबिरातून परतल्यावर रस्ता तोच असतो. इथे आठवडाभर त्याच रस्त्यावर राहून, त्याच घरात भांडून, पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब मांडता येतो. वर्गाला धर्माचा रंग नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात पंचशीलातील पाचवे, नशेपासून दूर राहण्याचे शील लहानपणापासून म्हणत आलेले आमच्यातील दोघे तिघे, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यानाची सवय असलेले एक काका आणि प्रार्थना व ध्यान सांगणाऱ्या ए.ए.च्या अकराव्या पायरीपाशी अडलेला मी, असे सगळेच तिथे सहज सामावलो. डोळे मिटले की जुन्या मारहाणीच्या आठवणी उसळणाऱ्या एका सदस्याला मॅडमनी डोळे उघडे ठेवून चालण्याचे ध्यान दिले, हेही नोंदवण्यासारखे आहे. ध्यान सर्वांना निरुपद्रवी असते, हा समज खरा नाही.

आता तक्रारी. मे महिन्यातील तुकडीसाठी ही खोली अजिबात योग्य नाही. कूलर लावला की मॅडमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि बंद केला की पाच मिनिटांत पाठीवरून घाम ओघळतो. आवाजाकडेही सजगतेने पाहा, असे एकदा ऐकायला मिळाले. ते ठीक, पण आठवडाभर राबून आलेल्यांनी सूचनाच ऐकू न येण्यासाठी पैसे भरलेले नाहीत. घरच्या सरावाची ध्वनिमुद्रणे हिंदीत आहेत आणि त्यांच्या मागे सतत बासरी वाजते, जिच्यामुळे लक्ष श्वासाऐवजी सुरांकडे जाते. रोज अर्धा ते पाऊण तास सराव अपेक्षित आहे. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे आणि शाळकरी मुले असताना तो कुठे करायचा, याचे उत्तर केंद्राकडे नाही. सर्वांत मोठी उणीव कुटुंबाची. शेवटची बैठक आधार देणाऱ्या माणसांविषयी असूनही त्या माणसांना एकदाही बोलावले जात नाही. माझ्या पत्नीने काही दिवस माझे डोळे मिटून बसणे हे रुसण्याचेच नवे रूप समजले होते, आणि त्यात तिची चूक नव्हती. आठव्या आठवड्यानंतर पाठपुराव्याची बैठकही नाही. आम्ही काही जण आपणहून महिन्यातून एकदा भेटतो.

शुल्क आठ बैठकांचे सहा हजार रुपये आहे आणि विचारल्यास ते दोन हप्त्यांत घेतात. प्रवेशाआधी मार्गदर्शिकेशी एकट्याने भेट होते. त्या वेळी उपचार केंद्राचे डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी, आणि ध्यान सुरू केले म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ज्यांचे पिणे अजून चालू आहे त्यांनी आधी डॉक्टर गाठावेत. केंद्र शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत, पण मोजक्याच, तेव्हा दहा मिनिटे आधी पोहोचावे. शक्य असल्यास हिवाळ्यातील तुकडी निवडावी.