बसायचा वॉकर, ढकलायचा पांगुळगाडा आणि साधी चटई

दुकानात पांगुळगाडा मागितला तर दोन वेगळ्याच वस्तू समोर येऊ शकतात. एक म्हणजे चाकांच्या गोल चौकटीत मधोमध टांगलेली कापडी बैठक आणि वर खेळण्यांचा ट्रे. बाळाला आत बसवायचं आणि त्यानं पायांनी रेटा देत घरभर फिरायचं. दुसरी म्हणजे उभं राहून, दांडी धरून ढकलायची गाडी, खरा जुना पांगुळगाडा. नाव एक, काम उलट. ‘अजून बसत नाही, रांगत नाही’ या काळजीपोटी बहुधा पहिली घेतली जाते, आणि आमचा कौल तिच्या साफ विरोधात आहे.

आधी बसायच्या वॉकरबद्दल. बाळाचं बरंचसं वजन बैठक पेलते. पायांवर जेमतेम भार येतो, तोही टाचेवर नाही, चवड्यावर आणि बोटांवर. बाळ ट्रेवर रेलतं आणि बोटांनी जमीन मागे ढकलतं. चालायला लागतं ते काही वेगळंच: एका पायावर पूर्ण वजन घेऊन दुसरा उचलायचा, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंनी कंबर सावरायची, तोल गेला की हात टेकायचे किंवा बुडावर बसायचं. वॉकरमध्ये तोल जातच नाही, त्यामुळे सावरण्याचा सरावही होत नाही. त्यात रुंद ट्रेखाली स्वतःची पावलं झाकलेली. ‘उंची कमी करा, अख्खं पाऊल टेकेल’ हा सल्ला हमखास मिळतो. पाऊल टेकतं खरं, पण वजन बैठकीवरच राहतं.

वॉकरमुळे चालणं नेमकं किती लांबतं यावर अभ्यासांचं एकमत नाही. आयर्लंडमधल्या १९० बाळांच्या २००२ सालच्या अभ्यासात वॉकरच्या एकूण दर २४ तासांच्या वापरामागे आधाराशिवाय चालणं सरासरी ३.३ दिवसांनी पुढे गेलेलं दिसलं. कारण आणि परिणाम वेगळे काढणं अशा अभ्यासात अवघड असतं, हे मान्य. पण वॉकरनं बाळ लवकर चालतं याला आधार नाही, आणि वस्तू विकली जाते ती याच एका आशेवर.

धोका मात्र वादातीत आहे. वॉकरमधलं बाळ सेकंदाला एक मीटर सहज कापतं. शेजारी बसलेलं मोठं माणूस उठेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालच्या सुमारे २ लाख ३० हजार बाळांना वॉकरच्या दुखापतींसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं. त्यांतली दर चारांपैकी जवळपास तीन जिन्यावरून पडलेली, आणि बहुतेकांना मार डोक्याला किंवा मानेला. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. हात अचानक उंच पोचतात हेही लक्षात येत नाही: गरम चहाचा कप, इस्त्रीची वायर, टेबलक्लॉथचं टोक. वॉकर भेट म्हणून आलाच असेल तर चाकं काढून टाका आणि मगच अडगळीत ठेवा. तसाच पुढच्या घरी पाठवू नका.

ढकलायची गाडी ही चांगली वस्तू आहे, पण वेळेआधी घेतली तर तीही त्रासदायक. बाळ स्वतःहून काहीतरी धरून उभं राहतंय आणि सोफ्याच्या कडेनं बाजूला पावलं टाकतंय, हे दिसल्यावरच ती आणावी. त्याआधी बाळाला उचलून दांडीपाशी उभं करण्यात काही अर्थ नाही.

विकत घेताना पाहायच्या गोष्टी अशा. दांडी उभ्या बाळाच्या बेंबी आणि छातीच्या मधे यावी, कोपर किंचित वाकलेलं राहावं. दांडीच्या टोकावर तळहातानं खाली दाब द्या. पुढची चाकं उचलली गेली तर गाडी बाळाच्या अंगावर येणार. बाळ दांडीला लोंबकळूनच उभं राहतं, त्यामुळे ही एक चाचणी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची. मग गाडी एका बोटानं ढकला. फरशीवर सुसाट गेली तर ती नवशिक्यासाठी नाही: बाळाचे हात पुढे जातात, पाय मागे राहतात आणि हनुवटी दांडीवर आपटते. चाकांना रबराची धाव असावी आणि मागच्या चाकांचा ताण स्क्रूनं घट्ट करता यावा. तशी सोय नसेल तर खालच्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, दोन-तीन किलो वजन ठेवून पट्ट्यानं बांधा. वाळूची पिशवी किंवा जाडजूड पुस्तकं चालतात. वजन वरच्या बाजूला ठेवलं तर उलट गाडी कलंडते. जुन्या पद्धतीची लाकडी तीनचाकी दिसायला सुंदर, पण पुढे एकच चाक असल्यानं वळताना तिरकी आडवी होते. पहिले काही आठवडे चारचाकीच बरी.

गाडी अनवाणीच चालवू द्यावी. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. दिवसभर गाडीच हातात राहिली तर बाजूला पावलं टाकणं, खाली वाकून वस्तू उचलणं, मधूनच हात सोडून पाहणं हे सगळं मागे पडतं, आणि चालण्याची खरी तयारी त्यातच असते.

तिन्हींत सरस ठरते ती चटई. कडक, न घसरणारी, साधारण दीड बाय दोन मीटरची. गादीसारखी मऊ नको. कोपर रुततं आणि बाळाला रेटा घेता येत नाही. तुकडे जोडून होणारी फोमची चटई घ्यायची तर कडेच्या पट्ट्या चिकटवून टाका, दात आल्यावर बाळ त्यांचे लचके तोडतं. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, बाळाला पालथं घालायचं: सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, वाढवत दिवसभरात निदान अर्धा तास. दूध पाजल्या पाजल्या नको. लगेच रडत असेल तर टॉवेलची गुंडाळी काखेखाली ठेवा आणि कोपरं खांद्यांच्या पुढे घ्या. बऱ्याचदा कोपरं छातीखाली अडकल्यामुळेच मान उचलत नसते. झोपवताना मात्र पाठीवरच. बसवून ठेवायच्या खोलगट खुर्च्या आणि दाराला टांगायचे झोपाळे यांच्याबद्दल एवढंच की त्यांतला वेळ चटईवरच्या वेळातून वजा होतो.

आता मूळ काळजी. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांवरून २००६ मध्ये दिलेल्या कालमर्यादा बऱ्याच ऐसपैस आहेत: आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातांगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, स्वतः चालणं ८.२ ते १७.६. शंभरातली चारेक बाळं तसं रांगलीच नाहीत. बुडावर सरकत जाणारी बाळं अनेकदा उशिरा चालतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय त्या आठवड्यांनी कमी धरावं, दोन वर्षांपर्यंत. दोन महिने आधी आलेलं दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांचं समजून पाहायचं.

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नाहीत, आणि त्यांवर कुठलीही वस्तू उपाय नाही. चार महिन्यांनंतरही मान न धरणं, मुठी कायम आवळलेल्या असणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटणं, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणं, १८ महिन्यांपर्यंत पाऊल न टाकणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट बंद होणं. यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या: चटईवर, कमीत कमी कपड्यांत, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. तपासणीच्या टेबलावर बाळ रडतं आणि नेमकं तेव्हाच काही करून दाखवत नाही.