फोन बंद असताना सेल्युलर अ‍ॅपल वॉच

अ‍ॅपलने 2017 मध्ये सिरीज 3 पासून घड्याळात ई-सिम (म्हणजे आतच बसवलेले, मोबाइल नेटवर्कला जोडणारे सिम) दिले, तेव्हापासून ‘फोनशिवाय घड्याळ’ ही कल्पना विकली जात आहे. फोन नुसता घरी विसरणे आणि तो पूर्ण बंद असणे यांतला फरक मात्र जाहिरातीत सहसा दिसत नाही, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

कॉलच्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. मोबाइल कंपनीने फोनचाच क्रमांक घड्याळालाही जोडलेला असल्यामुळे फोन बंद असतानाही कॉल थेट मनगटावर वाजतो. कंट्रोल सेंटरमधले (घड्याळावरच्या झटपट बटणांच्या पडद्यावरचे) सेल्युलरचे चिन्ह हिरवे दिसले की जोडणी झाली असे समजावे. आयमेसेजही, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या संदेशसेवेतले इंटरनेटवरचे संदेशही, येतात-जातात. साधा एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅपच्या सूचना यांसाठी मात्र, अ‍ॅपलच्याच मार्गदर्शनानुसार, जोडलेला आयफोन जवळ नसला तरी कुठेतरी चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. काही मोबाइल कंपन्यांकडे एसएमएसला यातून सूट मिळते, पण ती गृहीत धरू नये, कारण बँकेचा ओटीपी बहुधा एसएमएसनेच येतो आणि नेमक्या त्याच वेळी घड्याळ मुके राहू शकते.

बॅटरीचा विचारही आधीच करावा. फोन असताना घड्याळ ब्लूटूथवर भागवते. तो नसला आणि ओळखीचे वाय-फायही नसले की इवल्याशा अँटेनाने टॉवरशी बोलावे लागते, त्यामुळे लांबलेला कॉल चार्ज झपाट्याने खातो. धावायला जाताना किंवा आणीबाणीत हे घड्याळ मी बिनधास्त वापरेन. दिवसभर फोन बंद ठेवून नाही.