स्विच, जपानी कार्ट्रिजं आणि लोकमान्य नगरातला आमचा टीव्ही

निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपला स्विच, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल, भारतात अधिकृतपणे विकत नाही. त्यामुळे इंदूरमध्ये कुणाच्या घरी तो दिसला तर कुठून तरी बाहेरूनच आलेला असतो. आमचा जपानचा आहे. चुलतभाऊ योकोहामाला असतो, त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत आणला. आता दिवाळी उलटून गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. जपानी गेम आपल्याकडे चालतात का, असं बरेच जण विचारतात. चालतात. मशीन अडवत नाही. अडवते ती भाषा, आणि तिच्याहून जास्त स्टोअरचं खातं.

मशीनचं आधी उरकतो. 2017 चा स्विच रिजन-फ्री आहे. कार्ट्रिज, म्हणजे गेमची छोटी चिप, टोकियोचं असो की दुबईचं, आत सरकवलं की सुरू. निन्टेन्डोचंच याआधीचं मशीन, थ्रीडीएस, मात्र रिजन लॉकवालं होतं, म्हणजे त्याच विभागाचे गेम घेणारं. मेनू इंग्रजीत करता येतो. चार्जर 100 ते 240 व्होल्टचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. पण प्लगला दोन चपट्या पिना असतात. आपल्या बोर्डात कन्व्हर्टर पिन लावली की अडॅप्टरच्या वजनाने तो लोंबकळतो, आणि ऐन रंगात आल्यावर टीव्ही काळा. शेवटी चांगल्या प्रतीचा एक्सटेन्शन बोर्ड घेऊन तो आडवा ठेवला, तेव्हा कटकट मिटली.

भाषेचं प्रकरण वेगळं. पोकेमॉनचं जपानी कार्ट्रिज सुरुवातीलाच भाषा विचारतं, इंग्रजी निवडायची आणि खेळायचं. सगळेच गेम इतके समजूतदार नसतात. निन्टेन्डोच्या जपानी साइटवर गेमच्या पानावर कोणत्या भाषा चालतात ते लिहिलेलं असतं. विक्रेत्यापेक्षा त्या पानावर विश्वास ठेवा. आम्हाला एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘इंग्रजी आहे’ असं छातीठोकपणे सांगून कोनामी कंपनीचा 2020 चा मोमोतारो देन्तेत्सु हा गेम विकला. त्यात इंग्रजीचं अक्षर नाही. परत घ्यायलाही तयार नाही.

आणि गंमत म्हणजे घरात सगळ्यात जास्त तोच खेळला जातो. फासे टाकायचे, जपानच्या नकाशावर आगगाडी हाकायची, ठरलेलं स्टेशन आधी गाठेल त्याला बक्षीस. वाटेतल्या गावांत दुकानं, शेतं, कारखाने विकत घ्यायचे. एक पाळी म्हणजे एक महिना, वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चमध्ये हिशोब. काका आयुष्यभर टॅक्सचं काम करत आलेत, स्क्रीनवर मार्चचा ताळेबंद आला तसे म्हणाले, “काय रे, इथेही मार्च एंडिंग?” तेव्हापासून ते रविवारी पोहे-जिलबी आटोपली की स्वतःच टीव्ही लावतात. कुणीतरी स्टेशन गाठलं की त्या घडीला सर्वांत लांब असणाऱ्याच्या मागे दारिद्र्याचा देव लागतो, तो मालमत्ता कवडीमोलाने विकून टाकतो. त्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारायला आई ज्या चिकाटीने मागे लागते, ते बघण्यासारखं असतं. फोनचा कॅमेरा धरून कार्डांचं भाषांतर केलं आणि वहीत उतरवून ठेवलं, आता वहीही फारशी लागत नाही. मात्र संवादांवर चालणारा, गोष्टीचा गेम असा खेळता येणार नाही, तिथे जपानी कार्ट्रिजच्या नादी लागू नका. (शेवेचे हात जॉय-कॉनला, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरला, लावू द्यायचे नाहीत हा घरचा नियम. आणि हो, कार्ट्रिज मुद्दाम कडू केलेलं असतं, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून. भाचीने खात्री करून घेतली आहे.)

खरी डोकेदुखी डीएलसीची, म्हणजे गेमचे जे जादा भाग वेगळे डाउनलोड करून घ्यायचे त्यांची. धरून चाला की कार्ट्रिज ज्या विभागाचं, डीएलसीही त्याच विभागाच्या ई-शॉपमधून, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातून, घ्यावं लागेल. त्यासाठी त्याच मशीनवर जपानचं वेगळं खातं उघडलं. घेतलेलं डीएलसी घरातल्या बाकीच्यांनाही वापरता येतं, हे बरं. पण मार्च 2025 पासून जपानी ई-शॉप परदेशी क्रेडिट कार्ड घेत नाही. प्रीपेड कोड विकत घ्यावे लागतात, आणि मधले लोक त्यावर आपला वाटा काढतातच.

परदेशातून येणाऱ्या पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की कस्टम ड्यूटी वाचते, हे आता विसरा. ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली.

स्विच 2, म्हणजे स्विचनंतरचा नवा कन्सोल, जपानहून मागवणाऱ्यांनी एक बघावं. 2025 मध्ये तो तिथे दोन प्रकारांत आला. 49,980 येनचा फक्त जपानी भाषेचा, आणि त्याला जपानचंच खातं जोडता येतं. सगळ्या भाषांचा 69,980 येनला. स्वस्त बघून पहिला उचलाल तर काकांसारखे खेळाडू मेनूतच अडकतील. आम्ही चुलतभावाला महागाचाच आणायला सांगितलाय.