धुराचा वास घालवायला काय घ्यावं: ओझोन मशीन, कोळशाच्या पिशव्या की चपडी?

भाव चढेल या आशेनं पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवणं जळगाव-धुळ्याकडच्या गावांत नेहमीचंच. असा कापूस पेटला की भडकतो कमी, आतल्या आत धुमसतो जास्त. धुमसण्याचा धूर डांबरासारखा चिकट असतो. त्यात वायरींचं प्लास्टिक आणि गाद्यांचा फोम जळाला असेल तर काजळी आम्लधर्मी होते. भरिताच्या वांग्याला लागलेला धूर जिभेला गोड लागतो. कापसाचा हा धूर मात्र पहिल्या पावसाच्या दमट हवेत भिंतीतून पुन्हा बाहेर येतो.

यावर सगळ्यात जास्त खपतं ते ओझोन मशीन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनपासून वास मारणारा ओझोन वायू तयार करणारं यंत्र. जाहिरातीत ‘तासाला 10 ग्रॅम’ असा आकडा असतो. तो कोरड्या, थंड हवेतला. हवा दमट असली की ओझोन कमी तयार होतो आणि मशीनच्या आतल्या प्लेटांवर नायट्रिक आम्ल धरतं. उन्हाळ्यात हवा कोरडी, पण दुपारच्या 44 अंशांत ओझोन लवकर मोडतो. म्हणून खानदेशात हे मशीन मार्च-एप्रिलच्या रात्री लावावं, श्रावणात नाही. खोलीत माणूस, जनावर, तुळशीची कुंडी काही नको. श्वासातून 0.1 पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) जास्त ओझोन घातकच, आणि वास मारण्यासाठी याच्या कितीतरी पट लागतो. मशीन बंद झाल्यावर दारं-खिडक्या उघडून किमान 4 तास आत जाऊ नये. फ्रिजच्या दाराचं रबर आणि शिलाई मशीनचा पट्टा आधीच बाहेर काढा, ओझोननं रबराला तडे जातात.

एवढं करूनही काजळीचा थर जागेवर असेल तर मशीनचं भाडं पाण्यात. ओझोन थराच्या वरवर काम करतो. खालचा थर आठवड्यात पुन्हा वास मारतो. मशीन वाईट नाही, त्याची पाळी शेवटी येते एवढंच.

कोळशाच्या पिशव्या (आत अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे वास शोषण्यासाठी खास तयार केलेला कोळसा) हवेतला वास शोषतात, भिंतीतला नाही. लोखंडी पेटी, कपाट, कागदपत्रं यांच्यासाठी ठीक. चुलीतला कोळसा त्यांची जागा घेत नाही. सुगंधी फवारे घेऊच नका, धूर अधिक गुलाब असा तिसराच वास तयार होतो.

पहिलं काम धुण्याचं. ओल्या फडक्यानं सुरुवात केली की काजळी प्लास्टरच्या छिद्रांत जाते आणि पिवळे ओघळ कायमचे राहतात. आधी काजळी पुसायचा कोरडा रबरी स्पंज, एकाच दिशेनं, न घासता. स्पंज काळा झाला की वरचा थर कापून टाकायचा. तो धुतला तर बाद. मग 10 लिटर कोमट पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड. हातमोजे घालून भिंत खालून वर धुवावी, ओघळ उमटत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी आणि पातेली या पाण्यापासून लांब ठेवा, काळी पडतात. नंतर साध्या पाण्याचे दोन हात. हे चुकवू नका, कारण पुढच्या टप्प्याशी त्याचा संबंध आहे.

हार्डवेअरच्या दुकानात सुतारांसाठी मिळणारी चपडी (पॉलिशसाठीची लाख, शेलॅक) या कामात सगळ्यांत सरस. 1 लिटर स्पिरिटमध्ये 250 ग्रॅम चपडी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत 24 तास भिजवा. लोखंडी डब्यात ती काळवंडते. मेण तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ तेवढंच वापरा. मेण राहिलं तर वरचा इमल्शन रंग नीट धरत नाही. दोन हात, मध्ये तासाभराचं अंतर. वास आणि पिवळे डाग दोन्ही आतच अडकतात. नुसत्या इमल्शनमधून मात्र डाग पुन्हा वर येतात.

उणिवाही आहेत. चपडी क्षारात विरघळते, म्हणून सोड्याचा अंश राहिला किंवा खाली चुना असला तर थर चिकट होऊन सुटतो. चुना खरवडूनच काढावा लागतो. दमट दिवशी थर पांढुरका पडतो, आणि सहा महिने पडून राहिलेलं द्रावण नीट वाळत नाही. स्पिरिट पेटतं, तेव्हा मेन स्विच बंद, चूल बंद, खिडक्या उघड्या. धाब्याच्या घरातल्या सागाच्या खांब-तुळयांना चपडी उत्तम. मातीच्या भिंतीला नाही. तिथे वरचा काळा थर खरवडून नवा गिलावा करावा.

सगळं झालं तरी वास आला तर दोन जागा बघा. एक, स्विचबोर्डाचे डबे आणि भिंतीतले वायरिंगचे पाइप. तिथली काजळी इलेक्ट्रिशियनकडूनच साफ करून घ्या; प्लास्टिकच्या धुरातलं क्लोराइड तांब्याचे जोड खातं. दुसरी, कूलर. त्याच्या गवतात धूर महिनोन्‌महिने राहतो आणि पाणी सुरू झालं की घरभर फिरतो. गवत धुऊन उपयोग नाही. नवं बसवा, टाकी आणि पंप सोड्याच्या पाण्यानं धुवा.