अमेरिकेची बातमी न्यायालयाच्या दालनातून : तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या थेट ध्वनिप्रक्षेपणाविषयी

अमेरिकेत मुलगा, मुलगी, भाचा किंवा जावई असलेल्या मराठी घरांत जानेवारी २०२५ पासून तिकडच्या बातम्या वेगळ्याच काळजीने ऐकल्या जाऊ लागल्या आहेत. पूर्वी तिथली निवडणूक हा चहाबरोबरच्या गप्पांचा विषय असे. आता अध्यक्षांच्या एका सहीने होणाऱ्या नातवाचे नागरिकत्व, सुनेचा व्हिसा किंवा इथल्या निर्यातदाराची मागणी अडचणीत येईल का, हा प्रश्न थेट घरात येऊन बसतो. अशा वेळी बहुतेकांच्या हाती असते काय, तर वाहिन्यांवरची आरडाओरड आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणारे, कोणी लिहिले याचा पत्ता नसलेले संदेश. या दोन्हींपेक्षा कितीतरी भरवशाची सोय अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय स्वतःच विनामूल्य देते. महत्त्वाच्या खटल्यांचे युक्तिवाद चालू असतानाच न्यायालयाच्या संकेतस्थळावर ते ऐकता येतात. नावनोंदणी नाही, जाहिरात नाही, निवेदक नाही. मी ही सेवा नेमाने वापरते आणि अमेरिकेतल्या घडामोडींत ज्यांचा जीव गुंतलेला आहे अशा प्रत्येकाने ती वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या मर्यादाही गंभीर आहेत आणि त्या माहीत असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

ही सोय जन्माला आली ती करोनामुळे. या न्यायालयात युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण १९५५ पासून होत आले आहे, पण ते लोकांना मागाहून मिळत असे. मे २०२० मध्ये न्यायमूर्ती आपापल्या घरून दूरध्वनीवर सुनावणी घेऊ लागले, तेव्हा पहिल्यांदा ती थेट ऐकवली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळे पुन्हा दालनात बसू लागले तरी थेट प्रक्षेपण बंद झाले नाही, ही मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. दूरध्वनीच्या त्या काळात न्यायमूर्तींनी सेवाज्येष्ठतेनुसार एकेकाने प्रश्न विचारण्याची पद्धत पडली होती आणि तिचा एक परिणाम आजही कानांना जाणवतो. २००६ ते २०१६ अशी दहा वर्षे ज्यांनी युक्तिवादात एकही प्रश्न विचारला नव्हता, ते न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आता वकिलाचे सुरुवातीचे निवेदन संपताच बहुधा सर्वांत आधी बोलतात.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी वेळ सोयीची आहे. सुनावणी वॉशिंग्टनच्या सकाळी दहा वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि तिकडची घड्याळे मागे गेली की साडेआठ. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात सहसा सोमवार, मंगळवार आणि बुधवारी खटले ऐकले जातात, आणि कोणता खटला कधी हे वेळापत्रक आधीच संकेतस्थळावर असते. प्रत्येक बाजूला ठरलेला वेळ अर्ध्या तासाचा. महत्त्वाच्या खटल्यात तो सर्रास वाढतो. वकिलाला पहिली दोनेक मिनिटे कोणी अडवत नाही, त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि शेवटी पुन्हा एकेका न्यायमूर्तीची पाळी येते. आवाज स्वच्छ असतो आणि केवळ ध्वनी असल्यामुळे मोबाइलच्या डेटावरही तो अडखळत नाही.

या सेवेचे खरे मोल कळायचे असेल तर १५ मे २०२५ ची सुनावणी ऐकावी. अध्यक्ष ट्रम्प यांनी पदभार घेतला त्याच दिवशी, २० जानेवारीला, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाविषयी आदेश काढला होता. आई बेकायदा वास्तव्य करणारी असो किंवा विद्यार्थी अथवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीरपणे राहणारी असो, वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील तर त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला यापुढे नागरिक मानायचे नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या पुष्कळ चर्चांत हा आदेश फक्त बेकायदा स्थलांतरितांचा म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात एच-वन-बी व्हिसावर असलेली पुण्या-नागपूरची जोडपी त्यात सरळसरळ येत होती. अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि परदेशी आईबापांच्या तिथे जन्मलेल्या मुलालाही ती लागू करणारा १८९८ चा वाँग किम आर्क खटल्याचा निकाल यांच्या आधारे खालच्या न्यायालयांनी तो रोखून धरला. सर्वोच्च न्यायालयापुढे त्या दिवशी मुख्य मुद्दा मात्र निराळा होता : केंद्राच्या सर्वांत खालच्या पातळीवरच्या एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला संपूर्ण देशभर लागू होणारा मनाई हुकूम काढता येतो की नाही.

सरकारची बाजू सॉलिसिटर जनरल जॉन सॉअर मांडत होते. त्यांना न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी विचारले की आदेश लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय होणार, नवजात बाळाबाबत रुग्णालयाने काय करायचे आणि राज्य सरकारने काय करायचे. रुग्णालयांना वेगळे काही करावे लागेल असे आपल्याला वाटत नाही, नागरिकत्वाची चुकीची नोंद असलेली कागदपत्रे केंद्राचे अधिकारी स्वीकारणार नाहीत, असे उत्तर आले. त्या अधिकाऱ्यांना ते कळणार कसे, हा पुढचा प्रश्न. ते त्यांनाच ठरवावे लागेल, अशा अर्थाचे उत्तर. कसे, असे कॅव्हॅनॉ पुन्हा विचारतात. ही प्रश्नोत्तरे जेमतेम दोन-तीन मिनिटांची असतील, पण आदेशाची अंमलबजावणी किती कच्ची होती हे त्यांतून जेवढे उघडे पडते तेवढे तासाभराच्या चर्चेतून पडत नाही. वाहिनीवरच्या प्रवक्त्याला प्रश्न टाळता येतो, विषय बदलता येतो, समोरच्यावर उलटता येते. इथे नऊ न्यायमूर्तींपुढे उभ्या असलेल्या वकिलाला तोच प्रश्न पुन्हा ऐकावा लागतो. याच सुनावणीत न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी, अपील न्यायालयाचा पूर्वनिर्णय त्याच्या हद्दीतही सरकार पाळेल की नाही, यावर सॉअर यांना नेमके बोलायला लावले. कॅव्हॅनॉ आणि बॅरेट या दोघांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली आहे, हे लक्षात घेऊन तो भाग ऐकला की ‘अमक्याचे न्यायाधीश’ या ठोकळेबाज वर्णनाचा अपुरेपणा आपोआप जाणवतो.

मात्र इथेच नव्या श्रोत्याला सावध करणे भाग आहे. प्रश्नांच्या सुरावरून निकालाचा अंदाज बांधू नये. २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी जो निकाल लागला, त्यात देशव्यापी मनाई हुकमांना न्यायालयाने लगाम घातला. बहुमताचे निकालपत्र बॅरेट यांनीच लिहिले आणि कॅव्हॅनॉ त्यांच्याबरोबर होते. आदेश घटनेला धरून आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी सुटलाच नाही. सुनावणी ऐकून आनंदी झालेले आणि निकालाची केवळ ठळक बातमी वाचून हादरलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मी आप्तांमध्ये पाहिले. निकालपत्राचा आरंभीचा सारांश त्याच संकेतस्थळावर मिळतो. तो वाचला असता तर दोघांचीही मनःस्थिती बदलली असती.

दुसरी ऐकण्याजोगी सुनावणी ५ नोव्हेंबर २०२५ ची, आयात शुल्काची. खटला ओळखला जातो तो लर्निंग रिसोर्सेस या इलिनॉयमधल्या शैक्षणिक खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने. आणीबाणीत आर्थिक अधिकार देणाऱ्या १९७७ च्या कायद्यात आयातीचे ‘नियमन’ करण्याची मुभा अध्यक्षांना आहे, पण शुल्काचा उल्लेख त्यात कुठेही नाही. या एका मुद्द्याभोवती दोन तासांहून अधिक काळ वाद चालला. भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ अखेर पन्नास टक्क्यांवर गेलेले शुल्क याच कायद्याच्या आधारावर उभे होते, त्यामुळे मुंबईच्या हिरे-दागिन्यांच्या व्यवसायातल्या माणसासाठीही हा वाद परका नव्हता. उद्योजकांच्या बाजूने भारतीय वंशाचे नील कात्याल उभे होते. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी उपस्थित केलेली शंका मला सर्वांत मोलाची वाटली : संसदेने एकदा असा अधिकार अध्यक्षांना देऊन टाकला की तो परत घेणारे विधेयक अध्यक्ष नकाराधिकाराने अडवणार, मग अधिकार परत येणार कधी? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सत्ताविभाजन शिकवायचे असेल तर या संवादाहून चांगला पाठ शोधावा लागणार नाही.

ऐकताना सर्वांत मोठी अडचण म्हणजे बोलतो आहे कोण हेच कळत नाही. नऊ न्यायमूर्ती एकमेकांचे बोलणे तोडतात आणि थेट प्रक्षेपणात पडद्यावर कोणाचे नाव उमटत नाही. यावर दोन उपाय आहेत. न्यायालय त्याच दिवशी शब्दशः इतिवृत्त प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, बोलणाऱ्याचे नाव असते आणि शेवटी शब्दसूचीही जोडलेली असते, त्यामुळे एखादा मुद्दा कुठे निघाला ते लगेच सापडते. दुसरा उपाय ‘ओयेझ’ या स्वतंत्र संकेतस्थळाचा. तिथे ध्वनिमुद्रण आणि मजकूर जोडीने सरकतात आणि बोलणाऱ्या व्यक्तीची ओळख समोर दिसते. इंग्रजी उच्चारांची फारशी सवय नसलेल्यांनी थेट ऐकण्याचा हट्ट न धरता या मार्गाने जावे, असे मी आवर्जून सुचवेन.

याहून मोठी उणीव तंत्राची नाही. २०२५ मध्ये गाजलेले कितीतरी निर्णय तातडीच्या अर्जांवर झाले आणि त्यांत बहुतेक वेळा युक्तिवादाची सुनावणीच होत नाही. लॉस एंजेलिस परिसरात स्थलांतर खात्याच्या पथकांनी लोकांना अडवून चौकशी करण्यावर खालच्या न्यायालयाने घातलेले निर्बंध ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, ते अशाच आदेशाने. बहुमताच्या वतीने कारणे दिली गेली नाहीत. कॅव्हॅनॉ यांनी आपली सहमती स्वतंत्रपणे लिहिली आणि तीन न्यायमूर्तींनी विरोध नोंदवला. ज्या आदेशामुळे रस्त्यावरच्या माणसाचे रोजचे जगणे बदलते, त्याविषयी सरकारी वकिलाला एकही प्रश्न विचारला गेल्याचे आपल्याला ऐकू येत नाही. ही सेवा वापरणाऱ्याने हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे, कारण जे ऐकू येते तेवढेच न्यायालयाचे काम, असा समज होणे फार सोपे आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाशी तुलना केली की काही बाबतीत आपण पुढे आहोत, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. अमेरिकेत दालनात कॅमेरा चालत नाही. आपल्याकडे २०१८ च्या निकालाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य झाले आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी चित्रासह दिसू लागली. पहिल्याच दिवशी दाखवल्या गेलेल्या प्रकरणांत शिवसेनेच्या वादाचे प्रकरण होते, आणि त्याच वादाच्या सुनावणीत फेब्रुवारी २०२३ मध्ये बोललेले शब्द यंत्राच्या साहाय्याने लगेच लिहून दाखवण्याचा प्रयोगही सुरू झाला. वेळेची शिस्त मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे युक्तिवाद दिवसेंदिवस चालतो आणि सामान्य माणसाला त्याचा धागा धरून ठेवता येत नाही. तिथे एका संध्याकाळी दोन्ही बाजू संपूर्ण ऐकून होतात.

निकालाच्या दिवसाबाबत तर अमेरिकी न्यायालयाचा आडमुठेपणा मला अजिबात पटत नाही. ११ डिसेंबर २०२३ रोजी अनुच्छेद ३७० चा निकाल सरन्यायाधीश वाचत असताना भारतात कोणालाही तो पाहता आला. अमेरिकेत निकालपत्र संकेतस्थळावर तत्काळ येते, पण दालनात न्यायमूर्ती जे वाचून दाखवतात ते थेट ऐकवले जात नाही. ते ध्वनिमुद्रण ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या पुढल्या सत्राच्या सुरुवातीला राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाते. मनाई हुकमांच्या २७ जून २०२५ च्या निकालावेळी न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी आपले विरोधी मत दालनात वाचून दाखवले. असे वाचन न्यायमूर्ती क्वचितच करतात, मतभेद तितकाच तीव्र असेल तेव्हा. मे महिन्यात ज्यांनी संपूर्ण सुनावणी कान देऊन ऐकली, त्या सर्वांना हे वाचनही त्याच क्षणी ऐकण्याचा हक्क होता. ध्वनियंत्रणा दालनात बसवलेली आहे, संकेतस्थळ चालू आहे, श्रोते तयार आहेत; न्यायमूर्तींनी परवानगी देण्याचे तेवढे बाकी आहे आणि ती त्यांनी पुढच्या सत्रापासून द्यावी.