मेटची मोफत चित्रसेवा : रोकोकोची कारंजी मुंबईत छापून घेताना

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने (‘मेट’ने) 2017 मध्ये स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या. लॉगिन नाही, पैसे नाहीत, वॉटरमार्कही नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रोकोको या वळणदार अलंकारशैलीतल्या फ्रेंच काल्पनिक उद्यान-वास्तुचित्रांसाठी याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. अभ्यासाला आणि ए-फोर छपाईला पाचपैकी साडेचार गुण.

अर्धा गुण शोधयंत्राने घालवला. अशी चित्रं काढणाऱ्या झाक द लाझूच्या नावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेने लिहिली जातात. त्याच्या कल्पना ताम्रपटावर, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, उतरवणाऱ्या गाब्रिएल यूकिएच्या नावानेही शोधा आणि ‘ओपन ॲक्सेस’चा फिल्टर लावा.

याच शैलीतल्या झ्यूस्त-ओरेल मेसोनिएच्या 1734 च्या अलंकारसंग्रहातलं कारंज्याचं पान पूर्ण आकारात उघडून पाहा. शिंपल्याची कड वळत वळत कठडा होते, कठड्याखालून पाणी कोसळतं, आणि डावी बाजू उजवीशी कुठेच जुळत नाही. हे बांधायचे नकाशे नव्हेत. डोळ्याला चकवणारी ही रचनाच त्यांचं खरं वैभव. मूळ रेखाटन आणि छाप एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा दिसल्या तर फाइल उलटी करू नका. ताम्रपटावरून छापताना चित्र उलटतंच.

छपाईत मात्र गणित सांभाळा. लांब बाजू 3,600 पिक्सेल असेल, तर 300 पीपीआयने (दर इंचाला 300 पिक्सेल) 12 इंच मिळतात, म्हणजे ए-फोर. दुप्पट लांबीच्या ए-टूला तेच जेमतेम 154 पीपीआय उरतं आणि छायेच्या बारीक समांतर रेषा मऊ पडतात. फोर्टात किंवा दादरला, कुठेही छापा, पण ‘फिट टू पेज’ आणि ऑटो कॉन्ट्रास्ट बंद करायला सांगा. पहिल्याने रेषांवर लहरी उमटू शकतात. दुसऱ्याने जुन्या कागदाचा पिवळसरपणा आणि ताम्रपटाची दाबखूण पुसली जाते. ग्लॉसी फोटोपेपर नको. मॅट कॉटन कागद, पिगमेंट शाई. आधी सर्वांत दाट छायेच्या भागाचा चार इंची तुकडा छापून बघा.

फ्रेमवाल्याला कागद फेविकॉलने चिकटवू देऊ नका. पावसाळ्यात तो फुगतो. वरच्या कडेला ॲसिड-फ्री कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्या पुरतात. चित्राभोवतीच्या ॲसिड-फ्री माउंटमुळे (पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे) काच कागदाला टेकत नाही; टेकली की दमटपणाने चिकटते आणि बुरशी धरते. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, आणि ओल येणारी बाहेरची भिंत टाळा.